अकरावी भाकरी

माझ्या नातीनं भर हॉलात मला चोर ठरवलं, आन मी टाळ्या वाजवल्या.

इंग्रजीत बोलायली होती. मला काय कळतंय?

आज रेणूला जाऊन एक वर्ष झालं.

हे मी बोलायले आन सुवर्णा लिहायली. सुवर्णा म्हंजी माझी सून, रेणूची आई. फोन तिचा, प्रोफाइल तिचं. मला अक्षर येत न्हाई. ती मधी मधी थांबायली. थांबू द्या.

रेणू गुलबर्ग्याला एमबीए करत होती. पहिल्या वर्षाला सरांनी सांगितलं, धंदा करून दाखवा.

बाकीच्या पोरांनी कागदावर धंदे केले. हिनं माझ्या कडक भाकरी नेल्या.

ज्वारीच्या. पापडासारख्या पातळ. हॉस्टेलच्या पोरींनी शेंगाच्या चटणीसंगं दोन दिवसांत संपवल्या.

मग पाकीट आलं. लेबल आलं. लेबलवर माझा फोटो आला, नथीसकट.

मी म्हनलं, "लग्नात सुदिक एवढा चांगला फोटो निघाला न्हाई. आता कुणी मागणं घातलं तर तूच निस्तर."

माझ्याच्यानं एवढं थापणं होईना. मग गोदाबाई आली, अजून तिघी आल्या. पाकिटात दहा भाकरी. मजुरी पाकिटामागं.

मी फक्त भरायची. आन भरताना वर एक जास्तीची घालायची. कोसर.

आमच्या कमलनगरच्या बाजारात कोसर घातल्याबिगर कोण उठतंय? भाजीवालीनं दोन मिरच्या जास्त टाकल्या न्हाईत तर आम्ही तिथून हलत न्हाई. माझी सासू घालायची. मी घातली. गिऱ्हाईक म्हनायचं, आजीचा हात मोठा हाय.

मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षाला रेणूला एक विषय आला. बिझनेस एथिक्स.

मी विचारलं, "ते काय असतंय गं?"

"धंद्यात खरं वागायचं कसं, ते शिकवतात आज्जे."

"त्याला फी भरायलीस? मला विचारायचं होतंस."

तिनं नुसतं बघितलं. हसली न्हाई. तवाच मला कळायला पायजे होतं.

प्रेझेंटेशनला मला घेऊन गेली. भिंतीवर माझा फोटो, हत्तीएवढा. ती बोलायली. सगळी माना वळवून माझ्याकडं बघायली. संपल्यावर टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

परतताना बसमधी विचारलं, "काय सांगितलंस माझं?"

"खरं सांगू का गोड सांगू?"

"गोड सांगायला तुला कुठं येतंय?"

मग तिनं सांगितलं. म्हनली, "आज्जे, गोदाबाईला मजुरी दहाची. ती थापती अकरा. कोसर तुझ्या नावावर, मनगट तिचं. तू थापायचीस तवा ती भाकर तुझी होती. आता तिची हाय. तिला विचारलंस का कधी?"

"म्हंजी मी चोर?"

"चोर म्हनलं न्हाई. न विचारता घेतलेली मेहनत म्हनलं."

"म्हंजी चोरच की."

हुमनाबादपर्यंत मी बोलले न्हाई.

हुमनाबादला तिनं भजी आणली. मी खाल्ली. पण बोलले न्हाई.

घर जवळ आल्यावर म्हनलं, "मग तूच सांग गोदाबाईला."

"न्हाई. चूक तुझी, सांगायचं तू."

"सांगते. येळवसीचा सण होऊ दे. ऑर्डरी लई हायत."

येळवस झाली. शेतात जाऊन समदे जेवून आले. मी म्हनलं, संक्रांत होऊ दे.

हॉस्टेलातून फोन आला. "आज्जे, सांगितलंस का?"

"सांगते म्हनलं ना. माझ्या मागं कामून लागलीस?"

एवढंच. शेवटचं बोलणं हेच.

त्याच आठवड्यात तिला ताप आला. चार दिवस.

संक्रांतीला ती नव्हती.

मी रडले न्हाई. अजून न्हाई. बाया येऊन बघून जातात. म्हातारी दगड हाय म्हनतात. असंल.

सकाळी उठते. च्या पिते. पाकिटं भरते.

वर्षभर अकराच घातल्या. कामून, ते मला इचारू नका. तिचा परत फोन येईल, इचारंल, मग सांगू, असं काहीतरी डोक्यात होतं.

आज सकाळी गोदाबाईपुढं जाऊन बसले. ती थापायली होती.

म्हनलं, "गोदे, ती वरची भाकर तुझी होती. मी माझी म्हनून वाटली. तुला इचारलं न्हाई."

तिचा हात थांबला न्हाई. "ठाव हाय अक्का."

"ठाव हाय? मग बोलली न्हाईस कामून?"

"रेणूनं त्या भाकरीचं इचारलं होतं मला. येळवसीच्या आधी. म्हनली, आज्जी स्वतः सांगणार हाय तुला, तवर थांब. म्हनून थांबले."

"वर्षभर?"

"पोरगी म्हनली होती, आज्जी सांगती म्हनली की सांगती."

इथं सुवर्णा लिहायची थांबली.

मग गोदाबाईला इचारलं, "आता तुम्हा चौघींचं कसं करायचं? अकराची मजुरी देऊ का दहाच ठेवू? मागच्या भाकरींचं पण सांग."

म्हनली, "मागचं नंतर बसून बोलू. आता दहाच ठेव अक्का. मनगट लई दुखतंय."

आज भरलेल्या पाकिटात वर जरा जागा राहिली. हातात घेतलं तर हलकं लागलं. गिऱ्हाईक इचारंल, कोसर कुठं हाय. इचारू द्या.

सुवर्णा म्हनायली, शेवटी श्रद्धांजली लिहितात, भावपूर्ण. लिहू का?

म्हनलं, तिला ते नको. तिला एवढंच लिही.

रेणे, गोदाबाईला सांगितलं. दहाच घातल्यात.