मामानं दिलेलं आडनाव

आमचं आडनाव मी सांगत नाही. पाथर्डी तालुक्यात पाचातल्या दोघांचं तेच असेल. आमच्या मुलीनं पुण्यात नोकरी करता करता एक मुलगा पसंत केला, तोही नेमका त्याच आडनावाचा निघाला. मुलगा सालस, माझी काही तक्रार नव्हती. पण माझ्या आत्यानं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "एका आडनावात सोयरीक? भाऊ-बहीनच की ते. मी अक्षता टाकनार न्हाई."

आत्या विधवा झाल्यापासून आमच्याकडेच, देवळालीला. आम्ही नवराबायको दोघंही नोकरीवर, त्यामुळे मुलीला लहानाचं मोठं तिनंच केलं. मुलीनं फोनवर सांगितलं, आजी अक्षता टाकणार नसेल तर मी लग्नच करत नाही. दोघी सारख्याच हट्टी, आणि मधे माझं भरीत.

वाट दाखवली तीही आत्यानंच. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुझा आजा तिसगावला मामाकडं वाढला. बाप लहानपनीच गेल्ता." मी कान टवकारले. मामाकडे वाढला म्हणजे शाळेत मामानंच घातला असणार. मग मास्तरांनी आडनाव कुणाचं लिहिलं? साखर कारखान्याच्या काट्यावर माझी सगळी नोकरी गेली. कागदात घोळ कुठे होतो हे मला कुणी शिकवायला नको.

तिसगावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजोबा सापडले. नाव त्यांचं, वडिलांचं नाव वडिलांचं, आडनाव मात्र मामाचं, आणि पालक म्हणून अंगठाही मामाचाच. मास्तरांनी विचारलं असणार, आडनाव काय, आणि मामानं बेलाशक स्वतःचं ठोकून दिलं असणार. तेव्हापासून रेशनकार्डापासून दारावरच्या पाटीपर्यंत आम्ही तेच मिरवतोय. मी आनंदानं शाळेबाहेरच दोन प्लेट भजी खाल्ली.

आत्या मात्र बधली नाही. "मंग आपलं खरं कोनतं? ते आन, तवा बोलू."

पणजोबांच्या गावची जन्म-मृत्यूची जुनी वही तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये होती. तिथे जो तो जातीच्या दाखल्यासाठी रांगेत. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?" मी म्हणालो, "मुलीच्या लग्नासाठी." अर्जात तसा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी 'इतर' लिहिलं. तिसऱ्या खेपेला मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ओळीवर बोट ठेवून आजोबांच्या जन्माची नोंद वाचली आणि आडनाव सांगितलं. मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. ते माझ्या सासऱ्यांचं आडनाव होतं.

एसटीत नक्कल खिशात घालून बसलो आणि हिशेब मांडला. मामाचं आडनाव धरलं तर मुलीचं लग्न बसत नव्हतं, बापाचं धरलं तर माझंच बसत नव्हतं. कागद खिडकीतून सोडून द्यावा असं दोनदा वाटलं. मुलीचा फोनवरचा आवाज आठवला, म्हणून नाही सोडला.

घरी बायको मेथी निवडत होती, आत्या शेजारीच. कागद मी बायकोच्या हातात दिला. तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं, आडनावापाशी थांबली, आणि तेवढं पुन्हा वाचलं. मग मेथीची जुडी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तुमचं खरं आहे. एका आडनावात लग्न होत नाही. मी उद्या माहेरी जाते. बत्तीस वर्षं भावाचे डबे भरले, पुष्कळ झालं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "तुझ्यासाठी ही पोरगी मीच पसंत केल्ती," एवढंच बोलली आणि उठून गेली. तिनं विचार करायला आठ दिवस घेतले. तेवढे दिवस बायको मला दादा म्हणत होती, दूधवाल्यासमोरसुद्धा. माझी अशी चिडचिड झाली म्हणता.

नवव्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, "पोरीला फोन लाव." मी लावून तिच्या कानाशी धरला.

"घरी ये, त्या पोराला बी आन," ती म्हणाली. "तुझ्या आईबापाचं बत्तीस वर्षं चाललंय, तुमचं का न्हाई चालनार?"

पलीकडे मुलगी रडत होती. मी फोन तसाच धरून उभा राहिलो, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं आपल्या पदरानं ते पुसलं. त्यानंतर तिनं मला दादा म्हटलं नाही.