लोकरीबरोबर गेलेली खूण

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमच्याकडं न्हावऱ्याला त्या वर्षी कोकरं जन्मायची आणि उठताच यायचं नाही त्यांना. पुढचे पाय टेकवून धडपडायची, मागचा भाग लटपटायचा, की पुन्हा मातीत. आईच्या सडापर्यंत पोचायचीच नाहीत. मी बाटलीनं दूध पाजलं, पाय चोळले, काय काय केलं, पण एकेक करत गेलीच. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. सगळी उमर मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेला माणूस. गावात घर बांधलं, ऊस लावला, पण मेंढरं काही सुटली नव्हती. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेताला बी कोकरं बसली, तर समदी मेंढरं बाजारात. मला हे बघवत न्हाई."

मेंढरांशिवाय मामा म्हणजे काय, हे घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

त्यांनी मेंढीची लोकर बोटांत धरून ओढली. काळी लोकर तांबूस पडली होती, तिचा पीळ गेला होता. गोठ्यातल्या गाईच्या डोळ्यांभोवतीचे केसही विटले होते, चष्मा लावल्यासारखी दिसायची, आणि आम्ही खुळ्यासारखे तिला हसायचो! डॉक्टर म्हणाले, जनावरांच्या अंगात तांबं कमी पडलंय. पूर्वी मेंढरं मुलूखभर चरायची, आता एकाच रानात. त्या रानातच नसेल तर अंगात येणार कुठून?

"घरात तांब्याचं हंडं हायत की," मामा म्हणाले, "त्यातनं पाणी पाजू का?"

डॉक्टर हसले नाहीत. गाईला त्यांनी खाद्यातून द्यायची पावडर दिली आणि ती मेंढरांच्या तोंडाला लागता कामा नये म्हणून दम भरला. गाभण मेंढ्यांसाठी स्वतः मोजून मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्याच निळ्या खड्यांचं, पाणी करून दिलं. "एकीला एकदाच. कमी पडलं तर कोकरू बसेल, जास्त झालं तर मेंढीच जाईल. पाजलेलीला खूण करा."

खूण म्हणजे आमच्याकडं गेरू. संध्याकाळी आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकेक मेंढी धरली, मी पिचकारीनं औषध सोडलं आणि पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. मामा तेव्हा दौंडला लेकीकडं गेले होते. निम्मी मेंढरं झाली आणि दिसेनासं झालं, म्हणून बाकीची उद्यावर ठेवली.

सकाळी दारात कातरणीची सावड हजर! आमच्यात लोकर कातरायला भावकी एकमेकांकडं जाते, आपली पाळी आली की नको म्हणायची सोय नाही. आणि आलेल्यांना जेवायला घालायचं. मी चुलीपुढं अडकले, मालक मटण आणायला निघाले. वाटेत एसटीतून उतरलेले मामा त्यांना भेटले. "औषध पाजायला घेतलंय, गेरू लावलेली सोडा, बाकीची राहिलीत," एवढं सांगून हे बाबा पुढं गेले.

मी भाकरी थापून बाहेर आले तर मामा रिकामी बाटली हलवत होते. "तुझ्या डॉक्टरनं औषध कमी दिलंय बघ. निम्म्यातच संपलं."

"निम्मं? मामा, निम्मी मेंढरं आम्ही कालच पाजलीत!"

"कुठली? एकीच्या बी पाठीवर गेरू न्हाई!"

मामा पाजायला लागायच्या आतच कातरणी उरकली होती. वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, सगळी उघडीबोडकी उभी. गेरू होता तो कातरलेल्या लोकरीच्या पोत्यात.

"अहो, लोकरच राहिली नाही तर खूण राहील कुठं? जन्म गेला तुमचा कातरणीत!" भावकीच्या देखत मी बोलले. मला मामांचा राग आला होता, मालकांचा आला होता, त्या मेल्या सावडीचा तर फारच.

मामा तसेच वाडग्यात शिरले आणि स्वतः पाजलेली मेंढी नि मेंढी तोंडावरून ओळखून बाजूला काढली. एकही चुकली नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता ह्यातली तुझी दाव."

मला दाखवता येईना. आम्ही दोघांनी काल पाठी बघितल्या होत्या, तोंडं बघितलीच नव्हती. कुणाला दोनदा गेलं आणि कुणाला एकदाही नाही, सांगणारं कुणी नव्हतं.

एसटीडीवरून डॉक्टरांना फोन केला. ते लगेच आले, मामांनी वेगळ्या काढलेल्या मेंढ्यांना उतारा दिला. "ह्यांना हाकलू नका, चालवू नका, सावलीत राहू द्या. डोळे बघत राहा, लघवी बघत राहा. उरलेल्यांना आता काही पाजू नका."

मग सुरू झालं ते बघत बसणं. मेंढी मुतायला उभी राहिली की आम्ही जेवणावरून उठायचो. मामा पापणी खाली ओढून डोळा बघायचे, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. बरेच दिवस काहीच झालं नाही आणि मला जरा धीर आला. आणि एका सकाळी त्यांनी एकीची पापणी ओढली ती सोडलीच नाही. आत हळदीसारखं पिवळं होतं. तिची लघवी काळ्या चहासारखी झाली, दुपारी गेली. पाठोपाठ आणखी एक गेली. दोघी गाभण. मामांनी स्वतः खड्डा खणला, मालकांना फावड्याला हात लावू दिला नाही.

बाकीच्या वाचल्या. थंडीत मेंढ्या विऊ लागल्या. पहिलं कोकरू पडलं, लटपटलं, आणि उठलं! चार पायांवर उठलं आणि आईला लुचायला लागलं. मी "मामा, मामा" करत ओरडत सुटले. पुढंही बहुतेक उठली. मोजकी बसली, ती बिचारी औषध न मिळालेल्यांची असणार. बाजाराचं नाव पुन्हा निघालं नाही. मेंढरं राहिली.

पण मामा बदलले. एका सकाळी मी भांडी घासत होते, तर मूठ मिटून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, मेंढरांना मीठ टाकू का? आधी कुणी टाकलं न्हाई न्हवं?"

मीठ! पन्नास वर्षं मेंढरांना मीठ चारलेला माणूस, आणि मला विचारतोय! मला इतकं भरून आलं की मी चिडलेच. "मला काय विचारता मामा? मेंढरं तुमची हायेत!"

"व्हय," ते म्हणाले, "माझी हायेत म्हणूनच इचारतोय."