सात तारखेची सही

माझं डोकं लवकर तापतं, हे देवगाव रंगारीच्या मेंढरांनाही ठाऊक आहे. गोजरबाईची गोष्ट सांगायला बसलो तर बायको म्हणाली, "आधी स्वतःचा येडेपणा सांगा." सांगतो बाई.

मी मुंजाबा. मेंढरं भावाच्या हवाली केली अन् वाळूजला एका छोट्या कंपनीत लागलो. जेवण बजाजनगरात, गोजरबाईच्या खानावळीत. तिनं भांडी अन् शेगडीसाठी पतसंस्थेतून पाच हजार उचलले, जामीन मी. पहिले तीन हप्ते तिनं वेळेवर भरले. मग तिचा नवरा कडुबा नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला, अन् सुटून आला तर कामावरून काढलेला. हप्ते थकले. संस्थेच्या फळ्यावर गोजरबाईचं नाव लागलं अन् राहिलेले सतरा हप्ते माझ्या पगारातून कापायचं ठरलं.

तणतणत खानावळीत गेलो. "नामांतर तुमचं अन् पगार माझा जातोय!" तोंडाला येईल ते बोललो. आजही आठवलं की लाज वाटते.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "नावासाठी माणूस आत गेला, त्याची मला लाज नाय, भाऊ. पण तुमचा एक रुपया ठेवणार नाय."

दर सात तारखेला माझा पगार. त्याच संध्याकाळी ती कापलेली रक्कम माझ्या हातावर ठेवायची अन् भिंतीवरचं दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर पुढं करायची. "सात तारखेवर सही करा."

"माझ्यावर भरोसा नाय व्हय?"

"लई हाय. पण भरोसा दुसऱ्याला दाखवता येत नाय."

कडुबा मोंढ्यात हमाली करायचा. गिऱ्हाइकांच्या ताटात वरण, गोजरबाईच्या ताटात नुसता ठेचा. सतरा महिने असेच काढले, पण सात तारीख एकदाही चुकली नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत खोलीमालकानं खोली विकायला काढली. "आठ दिवसांत पैसे आणा, नाहीतर दुसऱ्याला देतो." खोली गेली म्हणजे खानावळ गेली. आम्ही दोघं पतसंस्थेत गेलो. सचिवानं खातं उघडलं. "बाई, तुमचं कर्ज जामीनदाराकडून वसूल झालंय. तीन हप्त्यांपुढं तुमचं खातं कोरं. अशा नावाला पुन्हा कर्ज नाय."

हा माझाच येडेपणा! मीच तिला म्हणालो होतो, पैसे माझ्या हातात दे, संस्थेत कशाला खेटे घालतेस. पैसा तिचा, नोंद माझ्या नावावर. मी टेबलावर हात आपटला.

"बसा भाऊ," गोजरबाई म्हणाली. पिशवीतून तिनं कॅलेंडरं काढली, हळदीचे डाग पडलेली, अन् सचिवापुढं पसरली. "मोजा. अन् जामीनपत्रावरच्या सहीशी ताडून बघा."

सतरा सह्या. एकही कमी नाही. मी तिथंच कागद मागितला अन् लिहून दिलं, पै न् पै या बाईनं दिली, माझ्या खिशातलं काहीच गेलं नाही. दोन दिवसांनी संचालकांची बैठक झाली, नोंद बदलली, कर्ज मंजूर झालं. पण गोजरबाई हटून बसली. "नाव फळ्यावर लावलं होतं ना? मग फळ्यावरच लिहा."

खडूनं लिहिलं: 'गोजरबाई कडुबा साळवे. कर्ज स्वतः फेडले. बेबाक.' कडुबानं ते तीनदा मोठ्यानं वाचलं. त्याच आठवड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. खानावळीत त्या दिवशी कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत. मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या अन् बाहेर येऊन खुशाल रडलो.

पुढच्या साली मला घरासाठी कर्ज लागलं. सचिव म्हणाला, "जामीन कोण?" मी मागं वळेपर्यंत सोबत आलेल्या गोजरबाईनं लेखणी उचलली होती. पहिल्या कर्जाला अंगठा दिलेल्या बाईनं आता ठसठशीत सही केली.

बाहेर पडताना तिनं पिशवीतून नवंकोरं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. "हप्ता चुकवू नका, भाऊ. डोकं माझंबी तापतं."