काय काय धरून तीन लाख?

"मॅडम, हे पॅकेज कोन्या खात्यातून येते? कृषी का महसूल?"

नामदेवरावांनी हे विचारलं तेव्हा माझं पेन कागदाला टेकलेलं होतं. माझी सही झाली की सहा लाखांच्या एज्युकेशन लोनची केस मंजुरीसाठी रीजनल ऑफिसला जाणार होती. शेजारच्या खुर्चीवर त्यांची मुलगी शीतल बसली होती. तिने डोळेच मिटून घेतले. पलीकडे आमचा कॅशियर फिसकन हसला आणि मग खोकला आल्याचं नाटक करू लागला.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या बँक शाखेत मॅनेजर होते. कापसाची ती वाईट वर्षं. 'पॅकेज' या शब्दाला आमच्या भागात त्या काळी एकच अर्थ होता, सरकारने जाहीर केलेली मदत. टपरीवर पॅकेज, एसटीत पॅकेज, लग्नाच्या पंगतीतही पॅकेज. शीतलला पुण्याच्या ज्या एमबीए कॉलेजात जायचं होतं, त्याच्या गुळगुळीत पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं, 'सरासरी पॅकेज तीन लाख'. बापाने ते वाचलं आणि समज करून घेतला की पास झालेल्या पोरांना सरकार तीन लाख देतं.

"अहो, पॅकेज म्हणजे पगार," मी जरा तोऱ्यातच म्हणाले. "वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. सरकारचा काही संबंध नाही."

"असं होय." त्यांनी मान हलवली. "मंग पगारच काहून नाई म्हनत?"

उत्तर नसलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. त्यात सकाळीच रीजनल ऑफिसच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. "मॅडम, एज्युकेशन लोनमध्ये तुमची शाखा तळाला आहे. एक तरी मोठी केस द्या." मोठी केस समोर बसली होती आणि प्रश्न विचारत होती.

रक्कम मोठी असली की बँक तारण मागते. तारण म्हणजे कर्ज फिटलं नाही तर जे विकून बँक आपले पैसे काढून घेईल ते. नामदेवराव विहिरीचं चार एकर वावर तारण द्यायला आले होते. घर चालत होतं ते त्या चार एकरांवर. बाकीचं रान कोरडवाहू, पाऊस देईल तेवढं. आणि या माणसावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. "पॅकेजात व्याजमाफी आलती," ते एकदा मला म्हणाले होते, "पन मायावर व्याजच नोतं, मंग माफ काय करतीन?"

मी पुन्हा पेन कागदाला टेकवलं. त्यांनी कागदावर अलगद हात ठेवला.

"रागावू नका मॅडम. आमच्या शेजाऱ्याले पॅकेजात गाय भेटली. जाहीर झाली तवा गंज मोठी गोष्ट वाटली. मंग समजलं, निम्मे पैसे त्यानंच भरायचे. अन् गाय रोज खाते किती, हे तं कोनी धरलंच नोतं. म्हनून इचारून राह्यलो. हे तीन लाख काय काय धरून हायेत?"

"बाबा, तुमी मायं हसू करून राह्यले," शीतल रडवेल्या आवाजात म्हणाली. "आठ दिवसांत फी भरायची हाये. पाच हजार भरून सीट धरली हाये म्या."

मी पेनाला टोपण लावलं. वीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला जो प्रश्न पडायला हवा होता, तो या माणसाला पडला होता. खरं सांगते, मला लाज वाटली. आम्ही दुकानाला कर्ज देताना विक्री किती, उधारी किती, हातात किती उरतं, सगळं खोदून विचारतो. पोरांच्या कर्जात मात्र पुस्तिकेतला आकडा उचलून फॉर्मात टाकतो.

मी कॉलेजला फोन लावला. तिथल्या प्लेसमेंट सेलमध्ये, म्हणजे नोकऱ्या लावून देणाऱ्या विभागात, एक गोड बोलणारे गृहस्थ होते.

"मॅडम, तीन लाख सीटीसी आहे."

सीटीसी म्हणजे कंपनीला तो माणूस वर्षाला केवढ्यात पडतो ते. त्याच्या खिशात किती पडतात ते नव्हे.

"हातात किती येतात?"

"ते कंपनीनुसार बदलतं."

"मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाची पगाराची स्लिप पाठवता?"

"ते कॉन्फिडेन्शिअल असतं मॅडम. सीट्स मात्र भरत आल्यात."

मी फोन ठेवला. शीतल खाली बघत होती. मग तीच म्हणाली, "मारेगावची स्वातीताई तिथूनच पास झाली. तिनंच मले हे कॉलेज सांगतलं. तिले इचारू?"

स्वातीचा फोन लागला. मी स्पीकर सुरू केला आणि आम्ही सगळे ऐकतोय हे तिला आधीच सांगितलं. कॉलेज छान, कॅम्पस छान, कंपनी छान, सगळं छान. पॅकेज तीन लाखच, हो. मग नामदेवराव फोनजवळ वाकले.

"बेटा, मी शीतलचा बाप. हातात किती पडते तुया?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"काका, साडेबारा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आमच्या घरी सांगू नका. त्यांना पंचवीस माहीत आहे."

"नाई सांगत. बाकीचं कुठी जाते?"

तिने एकेक सांगितलं. नव्वद हजार इन्सेंटिव्ह, म्हणजे टार्गेट पूर्ण केलं तरच मिळणारे. तिला अजून छदामही मिळाला नव्हता. तीस हजार बोनस, वर्षभर टिकलं तर. पीएफमध्ये तिचाही वाटा पॅकेजातच आणि कंपनीचाही. वर विम्याचा हप्ता. हे सगळं धरून तीन लाख. खोली आणि मेस यांत सहा हजार जात होते.

"जेवतं का नीट?" नामदेवरावांनी विचारलं.

"जेवते काका," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे आकडेमोड केली. शिकत असताना आणि नंतर काही महिने हप्ता नसतो. लोकांना वाटतं तोवर कर्ज झोपलेलं असतं. ते झोपत नाही, व्याज चढत असतं. सहा लाखांचे हप्ता सुरू होईपर्यंत पावणेआठ होणार होते. सात वर्षं फेडायचं म्हटलं तरी महिन्याला साडेतेरा हजार. हातात साडेबारा. म्हणजे शीतलने पुण्यात राहायचं नाही, जेवायचं नाही, आणि वर दर महिन्याला बापाकडून हजार रुपये मागवायचे. दोन-तीन हप्ते चुकले की त्या चार एकरांची नोटीस काढणारी मीच.

स्लिप मी शीतलपुढे सरकवली. तिने दोनदा वाचली. मग तिने फाईलच्या अगदी तळातून एक मळका लिफाफा काढला. नागपूरच्या एका जुन्या अनुदानित कॉलेजाचं पत्र. तिथेही तिला एमबीएला प्रवेश मिळाला होता. फी वर्षाला पस्तीस हजार.

"हे दाखवलं काहून नाई?" बाप म्हणाला.

"त्याईच्या कागदावर पॅकेज लिहिलंच नोतं," शीतल म्हणाली. "मले वाटलं, तिथं काई भेटतच नसन."

नामदेवराव आधी हसले. मग मी हसले. कॅशियरला आता खोकल्याचं नाटक करायची गरज उरली नाही. शीतल रडता रडता हसली, आणि मी सगळ्यांसाठी चहा मागवला.

फी, होस्टेल, पुस्तकं धरून कर्ज सव्वा लाखाचं झालं. एवढ्याला तारण लागत नव्हतं. वावराचे कागद मी त्याच दिवशी नामदेवरावांच्या हातात परत दिले. पुण्याचे पाच हजार बुडाले ते बुडालेच.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर मला धारेवर धरलं. "सहाची केस सव्वावर आणली? मॅडम, तुम्ही बँकेच्या आहात की पार्टीच्या?"

"फेडणाऱ्या पार्टीची आहे सर," मी म्हणाले. त्या वर्षी आमची शाखा तळालाच राहिली. तीन वर्षांनी थकीत एज्युकेशन लोनची यादी निघाली, त्यात आमच्या शाखेचं एकही नाव नव्हतं. त्याबद्दल फोन आला नाही. तसे फोन येत नसतात.

शीतलला एमबीएनंतर यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. तिने फोन केला तेव्हा नमस्काराच्या आधीच म्हणाली, "मॅडम, हातात साडेनऊ. काहीही धरलेलं नाई." हप्ता तीन हजारांच्या आत होता. यवतमाळात आत्याकडे राहून तिने सात वर्षांचं कर्ज चारच वर्षांत फेडलं.

शेवटचा हप्ता भरल्यावर 'कर्ज बाकी नाही' असा दाखला घ्यायला नामदेवराव आले. दाखला त्यांनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, पण उठेनात.

"मॅडम, आता वावर कोनाचं?"

"अहो, तुमचंच. ते बँकेकडे कधी आलंच नव्हतं."

"ते मले माहीत हाये. पन त्या दिवशी तुमचं पेन टेकलं व्हतं. एक डाव म्हना."

"वावर तुमचं आहे, नामदेवराव," मी म्हणाले. तेव्हा कुठे ते उठले.

मागच्या वर्षी मी रिटायर झाले. हेड ऑफिसच्या तरुण ऑफिसरने मला मिळणारी एकूण रक्कम मोठ्या आवाजात वाचून दाखवली आणि अभिनंदन केलं. मी त्याला विचारलं, "काय काय धरून?" तो गडबडला, आणि त्याने कागद उलटला.