आधी आत एक माणूस हवा

उज्ज्वला गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, मिलिंदरावांनी, सकाळी फोन करून सांगितलं. झोपेतच गेली... मग ते म्हणाले, "ताई, तिचा कॉम्प्युटर चालूच राहिलाय. बंद करतो." आणि मी किंचाळले, "हात लावू नका त्याला!" ज्याची बायको नुकतीच गेली त्या माणसावर मी ओरडले. उज्ज्वलानं ऐकलं असतं तर म्हणाली असती, "बरोबर केलंस."

आमची ओळख बुधवार पेठेतली. पुण्यात कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघत होते ते दिवस. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात एकाच जुन्या हार्ड डिस्कवर दोघींचा हात पडला. दुकानदार म्हणाला, "आधी ठरवा, मग हात लावा. हे प्रदर्शन नाही." आम्ही बाहेर येऊन इतक्या हसलो की ती डिस्क तिसराच कोणी घेऊन गेला. पुढे आम्ही दोघी एकाच कंपनीत लागलो, पण उज्ज्वलाचा जीव नोकरीत नव्हता. कोड सगळ्यांना खुला असलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम होती. कॉम्प्युटर आत घेण्याआधी नाव आणि पासवर्ड विचारतो ना, तो विचारणारा भाग ही बाई सांभाळायची. बिनपगारी. तिची आई वैतागायची, "जगाची कुलपं बघतेस, आपल्या घराची कडी लावत नाहीस!" ते खरंच होतं.

कुलूप बदलण्याचा तिचा एक नियम होता. बदल करताना पडद्यावरची एक खिडकी आधीपासून आत शिरलेली ठेवायची. दुसऱ्या खिडकीतून नव्यानं आत येऊन बघायचं. नवा माणूस सुखरूप आत आला, की मगच जुन्यानं बाहेर पडायचं. "नाहीतर किल्ली आत आणि आपण जिन्यात," ती म्हणायची.

त्या नियमानं एकदा आमची अब्रू वाचवली. एका रक्तपेढीचा कॉम्प्युटर आम्ही दोघी हौसेनं बघायचो. उज्ज्वलानं स्वतः केलेली नवी आवृत्ती तिथे बसवली, आणि पासवर्ड बरोबर देऊनही कोणालाच आत जाता येईना. तिची उघडी खिडकी तेवढी शाबूत. त्यात भर म्हणजे लाइट गेली. गुरुवार होता! गुरुवारी लाइट जाते हे पुण्यातल्या पोराटोरांना ठाऊक, आणि ही बया नेमका वार विसरली. यूपीएस कोकलायला लागला. बाहेर एक गृहस्थ रक्ताची चिठ्ठी घेऊन उभे होते, आणि कुठली पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये ते फक्त त्या यंत्राला माहीत. "अहो मॅडम, किती वेळ?" ते सारखे विचारत होते. मी त्यांना दारातच थोपवत होते. उज्ज्वला मात्र ओठ घट्ट मिटून टाइप करत होती. तिनं जुनी आवृत्ती परत बसवली, दुसऱ्या खिडकीतून आत आली, फ्रीज सांगितला, आणि यूपीएसनं मान टाकली. त्याच संध्याकाळी तिनं जगभर कळवलं : चूक माझी आहे, नवी आवृत्ती घेऊ नका. मी म्हटलं, "जरा सौम्य लिही गं." तर म्हणे, "लोक दाराबाहेर अडकल्यावर सौम्य काय लिहायचं?"

म्हणून त्या सकाळी फोनवर मी किंचाळले. आदल्याच आठवड्यात तिच्या त्या पासवर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं होतं. एका विशिष्ट चालीनं पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. उज्ज्वलाची दुरुस्ती तयार होती. पण ती जगात जिथून पाठवायची, त्या मुख्य यंत्रात शिरण्याचा हक्क तिच्या एकटीकडे होता. तिथे माझंही खातं उघडायचं ठरलं होतं. "रविवारी ये, करून टाकू." तो रविवार काही आला नाही... आता आत जायला उरली होती ती तिच्या कॉम्प्युटरवरची उघडी खिडकी. तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी लाइट जाणार, आणि तिचा यूपीएस महिनाभर बंद पडलेला.

स्मशानातून परतल्यावर मी वाघोलीच्या त्यांच्या घरी थेट आतल्या खोलीत गेले. बाहेर बुद्धवंदना चालू होती आणि मी तिच्या खुर्चीत बसून टाइप करत होते. लाज वाटत होती, एक अक्षर चुकलं तरी संपलं. मिलिंदराव दारात उभे होते. माझं खातं उघडलं. दुसरी खिडकी उघडून माझं नाव, माझा पासवर्ड दिला. क्षणभर काहीच हललं नाही... मग आत गेले. दुरुस्ती पाठवली, आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले.

"झालं?" मिलिंदरावांनी विचारलं.

"झालं. आता तिची खिडकी बंद करायची. तिचाच नियम आहे."

ते पडद्याकडे बघत राहिले. "ताई, राहू दे. उद्या गुरुवार आहे. लाइट जाईल तेव्हा होईल आपोआप."

मी हट्ट धरायला हवा होता. उघडं यंत्र असं सोडलेलं तिला मुळीच खपलं नसतं. पण मी खुर्चीतून उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. कसं कोण जाणे, त्या गुरुवारी वाघोलीत लाइट गेलीच नव्हती. ते हळूच म्हणाले, "ताई... अजून आहे."