शेवंताबाईंच्या गळ्याची गाठ

"गुरवार होऊ दे. गुरवारनंतर काय करायचं ते करा," दादासो म्हणाले. "अकरा वर्षं ऱ्हायलेली गाठ चार दिसांत कुठं पळून जाती?"

"गाठ न्हाय पळायची मामा, आत्यांचा श्वास अडकायचा," सून प्रीती भांडी घासता घासता म्हणाली. "काल भाकरी दुधात कुस्करून दिली, तीबी उतरंना."

"मग भात दे की."

घरातला वैद्यकीय सल्ला तिथं संपला. जिच्यावरून हे चाललं होतं ती गाठ पदराखाली घेऊन शेवंताबाई सोप्यात तांदूळ निवडत होत्या.

गारगोटीच्या पलीकडच्या त्यांच्या वाडीत अकरा वर्षांपूर्वी मेडिकल कॉलेजची गाडी पहिल्यांदा आली. होणाऱ्या डॉक्टरांना खेडं कळावं हा हेतू. पोरांना शिकवणाऱ्या सरांना शेवंताबाईंच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ दिसली आणि नातू झाल्यासारखा आनंद झाला. "अगदी पुस्तकातली," ते म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी शिबिर दादासोंच्या अंगणात. मांडव घालायचा, बुद्धविहारातल्या खुर्च्या आणायच्या, मधल्या खुर्चीत शेवंताबाईंना बसवायचं. पोरांनी एकेक करून मागं उभं राहायचं, गळ्यावर बोटं ठेवायची आणि म्हणायचं, "आजी, पाण्याचा घोट घ्या." गाठ वर सरकली की वहीत लिहायचं. एका शिबिराला चाळीस घोट.

शेवंताबाई या कामात चांगल्याच तयार झाल्या होत्या. कुणी पुढून हात घातला तर म्हणायच्या, "मागनं, डॉक्टर. पुढनं धरलासा तर सर नापास करत्यात." चौथी शिकलेल्या बाईला हे सांगताना बरंही वाटायचं, नाही कशाला म्हणा.

दरम्यान लिंबाचा पेरू झाला. एवढे डॉक्टर बघतात म्हणजे उपचार चालूच असणार, असं गावाला वाटायचं. शेवंताबाईंनाही वाटायचं. डॉक्टरांना वाटायचं, आधीच्या कुणीतरी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिलीच असेल. सगळे निर्धास्त होते. दादासो तर खूशच. सर त्यांना दादासाहेब म्हणायचे, आणि वाडीत दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

घोळ घातला संयोगिता नावाच्या पोरीनं. प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही घरं वाटून घ्यायची असतात, तिच्या वाट्याला हे घर आलं. गेल्या महिन्यात आली आणि गळ्याला हात लावायच्या आधी तिनं विचारलं, "आजी, जेवताना त्रास होतो का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न बहुतेक अभ्यासात नव्हता. शेवंताबाई तासभर बोलल्या. पोरीनं कोल्हापुरात तपासण्या करवल्या, ऑपरेशनसाठी दाखल व्हायची तारीख मिळवली. सोमवारची. आणि शिबिर गुरुवारी.

"सरांचा फोन आलता," दादासो म्हणाले. "ऑपरेशन कराच म्हणले. फक्त गुरवार तेवढा जाऊ द्या. नवी पोरं हायत, त्यास्नी असली गाठ परत कुठं बघायला मिळायची?"

"सरांच्या मंडळींना असती तर ठिवली असती व्हय गुरवारपातर?" प्रीतीनं विचारलं.

"तू गप. पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न हाय."

शिक्षणाची दादासोंना फार कळकळ. त्यांचा मुलगा नागसेन शाळेत होता तेव्हा तो कितवीत आहे हे त्यांना एकदाही सांगता आलं नव्हतं.

"आणि तारीख पुढची मागायची," ते म्हणाले. "त्यात काय अवघड हाय?"

"पुढची दोन महिन्यांनी मिळती म्हणाली संयोगिता," प्रीती म्हणाली. "आणि गाठ श्वासनळीवर दाबतीया, थांबू नका म्हणाली."

"ती अजून शिकतीया. सर शिकवत्यात. कुणाचं ऐकायचं?"

प्रीतीनं सासूकडं पाहिलं. शेवंताबाईंनी सुपातले तांदूळ पातेल्यात ओतले, सूप खुंटीला अडकवलं.

"सोमवारी सकाळच्या एसटीनं मी जाणार हाय," त्या म्हणाल्या. "प्रीती संगं येणार. नागसेननं रजा टाकलीया, त्योबी येणार. दहा दिवस घर तुम्हाला बघायचं हाय."