देओलिंदाच्या उंबऱ्यावर मेलेल्या मुंग्या

देओलिंदा फ्रेइतास पिठाच्या डब्याशेजारी विषाचा डबा ठेवते, अशी कुजबुज कॅलिफोर्नियातल्या त्या टेकडीवरच्या पोर्तुगीज वस्तीत उठली. उठवली झुल्मिराने, तिच्या कानात आणि जिभेत कधी अंतर नव्हतंच. थंडीच्या पावसात अर्जेंटिनाच्या मुंग्या घरोघरी साखरेत शिरत, आणि म्हातारीच्या उंबऱ्यावर मात्र रोज त्यांची प्रेतं. संशय येणारच!

पण पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला सगळ्या गावाचा गोड पाव देओलिंदाच भाजायची. नवरा लाउरिंदो गेल्यापासून गावाशी तिचा तेवढाच धागा उरला होता. आता पावाचं काम दुसरीकडे देऊ, असं सणाच्या समितीत बोलणं निघालं. फेब्रुवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी समितीचे अध्यक्ष एर्मिनियो दारात आले. मागे झुल्मिरा.

"मी आपली सोबतीला आले हो."

"तू नसतीस तर चुकल्यासारखं वाटलं असतं," देओलिंदा म्हणाली.

"काकू, खरं सांगा. काय फवारता?" एर्मिनियो म्हणाले.

"काही नाही. वाक, बघ."

एर्मिनियो गुडघे करकरवत वाकले. ओकच्या झाडाखालच्या भोकातून तपकिरी, जाडसर मुंग्या निघत होत्या. हिवाळी मुंग्या, इथल्याच. परक्या, अर्जेंटिनाच्या मुंग्यांची काळपट रांग उंबरा चढत होती. त्यांतल्या तिघींनी एका तपकिरीला घेरलं. तिने पोटाचं टोक उचललं, पांढरा थेंब काढला, एकीला टेकवला. ती आकसली आणि पुन्हा हललीच नाही.

"मेली की गं!" झुल्मिरा मातीत फतकल मारून बसली. "अगं, दुसरीपण!"

"आमच्याकडे का नाहीत ह्या?" एर्मिनियोंनी विचारलं.

"तू मारल्यास. लाउरिंदोही दर वर्षी औषध मारायचा. मुंगी ती मुंगी, म्हणायचा. तो गेला त्या वर्षी माझ्याने फवारणं झालं नाही." तिने पायाने मेलेल्या मुंग्या बाजूला सारल्या. "इतकी वर्षं आपल्याच बाजूच्यांना मारत होतो, बघ."

एर्मिनियो उठले. जाताना एवढंच म्हणाले, "सणाच्या पिठाची पोती यंदाही तुमच्याकडेच पाठवतो."

झुल्मिरा अजून वाकलेलीच होती.

देओलिंदाच्या घरात लाउरिंदो गेल्यापासून विषाचा डबा नव्हता. विष होतं ते मुंग्यांच्या पोटात.